चावीच्या घड्याळाचा लोभ

ज्या काळात खिशातील मोबाईल दूरच्या आण्विक घड्याळांशी अनुसंधान राखून सेकंदाच्या अल्पांशापर्यंत बिनचूक वेळ सांगतो, आणि ती सांगण्यासाठी आपणांकडून कसल्याही श्रमाची वा स्मरणाची अपेक्षा करीत नाही, त्याच काळात रोज चावी मागणारे, उन्हाळ्यात चाल बदलणारे, हातातून पडले तर बंद होणारे आणि चार-पाच वर्षांनी तेलपाण्यासाठी कारागिराच्या स्वाधीन करावे लागणारे यांत्रिक घड्याळ माणसे हौसेने विकत घेतात, जुने असेल तर बाजार धुंडाळून मिळवितात, आणि वडिलांच्या मागे राहिलेले असेल तर त्यावरून भावंडांत क्वचित अबोलाही धरतात, ही गोष्ट उपयुक्ततेच्या निव्वळ हिशेबाने उलगडणारी नाही. स्वित्झर्लंडहून येणाऱ्या लक्षावधी रुपयांच्या घड्याळांचा प्रश्न आम्ही येथे विचारात घेत नाही. त्यांत दागिन्याचा आणि प्रतिष्ठेचा अंश इतका मोठा असतो की घड्याळ हे त्याचे केवळ निमित्त ठरते. आमच्यासमोर आहे ते साधे पोलादी, सतरा ज्वेलचे, बहुधा ‘एच. एम. टी.’ अशी अक्षरे मिरविणारे घड्याळ, जे सातपुड्याच्या दक्षिण अंगास वसलेल्या सौसर आणि पांढुर्णा या दोन गावांतील कपाटांच्या खणांत, लुगड्यांच्या घड्यांखाली किंवा एखाद्या निवृत्त गुरुजींच्या मनगटावर आजही आढळते. त्याचा लोभ कशाचा, हे समजून घ्यावयाचे तर ते घड्याळ कोणत्या काळात आले, आतून कसे चालते आणि चुकते तेव्हा कसे चुकते, या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. त्यांतही तिसरी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते.

ही दोन्ही गावे आज मध्यप्रदेशात असली तरी त्यांची बोली, लग्नकार्ये, पंचांग आणि बाजाराची ओढ नागपूरकडची आहे. भोसल्यांचे राज्य खालसा होऊन १८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला, त्याच्या कारभारात छिंदवाडा जिल्ह्याच्या दोन तहसिली होत्या, एक खुद्द छिंदवाड्याची आणि दुसरी सौसरची. पांढुर्णा ही सौसर तहसिलीतील कापसाची पेठ होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी टापू मागे राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि ज्या सौसरच्या कचेरीत पांढुर्ण्याच्या रयतेने पिढ्यान्‌पिढ्या अर्ज व वसुली नेली ते सौसर त्याच पांढुर्ण्याच्या जिल्ह्यात दाखल झाले. दफ्तरांची अशी उलथापालथ होत असता वेळेचे दफ्तर मात्र कोणाच्या स्वाधीन होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

पूर्वी ते सूर्याच्या आणि जोशीबुवांच्या स्वाधीन होते. दिवसाच्या साठ घटिका, प्रत्येक घटिका चोवीस मिनिटांची. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाशी छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडावयाची आणि ती बुडाली की एक घटिका सरली असे मानावयाचे, ही रीत मुहूर्तापुरती कित्येक लग्नमंडपांत अगदी अलीकडेपर्यंत टिकून होती. ब्रिटिश अमदानीत ठाण्यांच्या आणि कचेऱ्यांच्या आवारांत तासातासाला टोल देण्याची वहिवाट पडली. तरीही सूर्याचे आसन खऱ्या अर्थाने डळमळले ते रेल्वेमुळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सौसरला बंगाल-नागपूर रेल्वेची अडीच फुटी रुळांची नागपूर-छिंदवाडा गाडी आली, आणि पांढुर्ण्यावरून नागपूर-इटारसी हा रुंद मापाचा मार्ग गेला. सौसरची ती लहानगी गाडी २०१५ साली रुंद मापाच्या कामासाठी बंद झाली. पांढुर्ण्यावरून मात्र दिल्ली-मद्रासची वाहतूक अव्याहत चालू राहिली. या दोन्ही स्थानकांवरच्या भिंतीच्या घड्याळांना एकच धनी होता. दररोज दुपारी चार वाजता स्थानकास्थानकांना वेळेची खूण देण्याचा रेल्वेचा दंडक आहे, आणि ती खूण मिळताच स्टेशनमास्तरने आपले घड्याळ जुळवून घ्यावयाचे असते.

ती वेळ कोणाची? १९०६ साली अमलात आलेली भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशावरची, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या एका कल्पित रेषेवरची आहे. पांढुर्णा त्या रेषेच्या पश्चिमेस सुमारे चार अंशांवर आहे, आणि पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. म्हणून वर्षभराची सरासरी धरली तर पांढुर्ण्याच्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हा घड्याळात बारा वाजून सुमारे सोळा मिनिटे झालेली असतात. सौसर थोडे पूर्वेला असल्याने तेथील मध्यान्ह पांढुर्ण्याच्या सुमारे एक मिनिट अगोदर होते. दोन शेजारच्या गावांच्या सूर्यांतच जर एका मिनिटाचे अंतर आहे, तर मनगटावरचे घड्याळ अर्धा मिनिट मागे पडले म्हणून ते खोटे ठरले असे म्हणण्यास आधार कोणता? आधार एकच, आणि तो म्हणजे सर्वांनी मान्य केलेला सरकारी करार. हा करार अत्यंत आवश्यक आहे यात शंका नाही. एकेरी रुळावरून समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांना प्रत्येक गावच्या सूर्याचा मान राखता येत नाही. मुंबईसारख्या शहरानेही आपली स्वतंत्र वेळ, जी प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती, १९५५ पर्यंत हट्टाने जपली आणि अखेर सोडून दिली. परंतु करार पाळणे हे एक काम आहे आणि काळ मोजणे हे दुसरे. मोबाईल पहिले काम करतो. चावीचे घड्याळ दुसरे काम स्वतःच्या बळावर करते, आणि पहिल्यासाठी आपल्या धन्यावर अवलंबून राहते. कारण धन्याने स्थानकावर जाऊन, किंवा रेडिओवर बातम्यांपूर्वीचे ठोके ऐकून, काटे जुळविल्यावाचून त्याला सरकारी वेळ कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

आरंभी अशी घड्याळे या भागात मोजक्याच लोकांकडे असत. फावर-ल्युबा या स्विस पेढीने १८६५ साली मुंबईत आपले दुकान मांडले होते, आणि १८८६ पासून वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळे मुंबई व कलकत्ता येथून हिंदुस्थानभर जाऊ लागली; लष्कर आणि रेल्वे ही त्या कंपनीची मोठी गिऱ्हाइके, आणि तिच्या एका लोकप्रिय घड्याळाचे नावच मुळी ‘सवार’ असे होते. साखळीचे खिशातले घड्याळ हे मालगुजार, वकील, दारोगा आणि गार्डबाबू यांचे लक्षण समजले जाई. याच पट्ट्यात, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात १९३६ पासून राहावयास आलेल्या महात्मा गांधींनी मात्र तेच खिशातले घड्याळ दोरीने कमरेला टांगून या लक्षणातील ऐट पार काढून टाकली. यंत्राविषयी इतका कठोर असलेल्या त्या माणसाने आपल्या मोजक्या चीजवस्तूंत घड्याळास जागा दिली होती हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सामान्य घरात घड्याळ शिरले ते स्वातंत्र्यानंतर. बंगळूर येथे १९५३ साली यंत्रे बनविण्यासाठी स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एच. एम. टी., या सरकारी कारखान्याने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने मनगटी घड्याळे तयार करावयास घेतली, आणि पहिल्या घड्याळांचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि राणीबाग येथेही कारखाने निघाले. ‘जनता’, ‘पायलट’, ‘जवान’, ‘सोना’, ‘कोहिनूर’, ‘कांचन’ ही नावे त्या पिढीस एखाद्या नातलगाच्या नावाइतकी परिचित झाली. काही ‘जनता’ घड्याळांच्या तबकडीवर नाव देवनागरीत छापलेले असे. मागणी इतकी आणि पुरवठा इतका तोकडा की घड्याळासाठी नंबर लावून महिनोन्‌महिने थांबावे लागे, वशिल्याच्या चिठ्ठ्या जात, आणि ज्यांस धीर नसे ते चोरट्या आयातीच्या मालाकडे वळत. लग्नाच्या याद्यांत सायकल आणि रेडिओ यांच्या पंक्तीस घड्याळ बसले. जावयास ‘कांचन’च हवे असा हट्ट धरणाऱ्या वरपक्षांनी त्या निरपराध यंत्रास हुंड्याच्या पापात ओढले, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे. घरोघरी सकाळी चहाच्या वेळेस ‘घडीले चाबी देल्ली का?’ हा प्रश्न निघू लागला, आणि चावी देण्याचा मान बहुधा घरातील कर्त्या पुरुषाकडे राहून मुलांनी त्यास हात लावावयाचा नाही असा अलिखित हुकूम प्रचारात आला.

आता त्या चावीचे पुढे काय होते ते पाहू. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ते दातेरी बोंड धरून आपण फिरवितो तेव्हा घड्याळाच्या पोटातील एका पितळी डबीत बसविलेली पोलादी कमान, म्हणजे हातभर किंवा त्याहून थोडी कमी लांबीची एक पातळ पट्टी, मधल्या खुंटीभोवती घट्ट गुंडाळली जाते. एक लहानशी खिटी प्रत्येक दात्यागणिक कट्‌कट्‌ आवाज करीत तिला उलट फिरू देत नाही. सैल होण्याची या पट्टीची स्वाभाविक इच्छा, हीच घड्याळाची सर्व शक्ती. तिला मोकळे सोडले तर ती क्षणार्धात उलगडून जाईल. म्हणून घड्याळाची उरलेली सारी रचना ही एका अर्थी शक्ती पुरविण्यासाठी नसून तिला अडविण्यासाठी आहे. डबीला साधारणपणे सहा-सात तासांत एक फेरा पडतो. तिच्या दात्यांत गुंतलेले मधले चाक तासात एकदा फिरते आणि मिनिटकाटा वाहते. त्यापुढचे तिसरे चाक, त्यापुढचे चौथे चाक मिनिटात एकदा फिरून सेकंदकाटा चालविते. आणि शेवटचे, पंधरा तिरक्या दातांचे सुटकेचे चाक दर सहा सेकंदांस एक प्रदक्षिणा घालते. डबीपासून या शेवटच्या चाकापर्यंत गती सुमारे चार हजार पटींनी वाढते आणि जोर त्याच प्रमाणात ओसरतो, इतका की त्या चाकावर येणारा दाब बोटाच्या टोकास जाणवणारही नाही.

या चाकाच्या वाटेत एक लिव्हर उभे असते. त्याच्या दोन बाहूंत माणकाच्या दोन पट्ट्या बसविलेल्या असून त्या आळीपाळीने चाकाचा एकेक दात अडवितात आणि सोडतात. परंतु केव्हा सोडावयाचे हे लिव्हर ठरवीत नाही. ते ठरविते बॅलन्स नावाचे चाक, जे पूर्ण फेरा न घेता उजवीकडे-डावीकडे हेलकावत असते, आणि ज्याला दर हेलकाव्याच्या शेवटी परत खेचून आणणारी बालकमान केसाहून फारशी जाड नसते. बॅलन्स परतताना लिव्हरला टिचकी मारतो, लिव्हर एक दात सोडते, सुटता सुटता तो दात लिव्हरमार्फत बॅलन्सला किंचित रेटा देतो, आणि त्या रेट्यावर बॅलन्स पुढच्या हेलकाव्यास निघतो. ज्याने अडवावयाचे त्यालाच अडविलेल्या शक्तीने जिवंत ठेवावयाचे, ही युक्ती मानवी बुद्धीच्या थोर युक्त्यांपैकी एक होय असे आमचे मत आहे. आपण जो टिकटिक आवाज ऐकतो तो दात आणि माणिक यांच्या टकरीचा असतो. ‘जनता’च्या जातीच्या यंत्रात असे ठोके सेकंदास पाच, तासास १८,००० आणि दिवसास ४,३२,००० पडतात, वर्षाचा हिशेब पंधरा कोटी सत्त्याहत्तर लाखांच्या घरात जातो, आणि चाळीस वर्षे नेमाने चाललेल्या घड्याळाने सहाशे कोटींहून अधिक वेळा तो दात अडविला आणि सोडला असे म्हणावे लागते.

बालकमानीचा उपयोग १६७५ साली हॉलंडच्या ख्रिश्चन हायगेन्स याने जाहीर केला. इंग्लंडच्या रॉबर्ट हूक याने आपणच आधी ती योजिली होती असा दावा लावला आणि तो वाद उभयतांच्या हयातीत मिटला नाही. त्यापूर्वीची खिशातील घड्याळे दिवसाकाठी अर्धा-अर्धा तास चुकत. नंतरची काही मिनिटांवर आली. लिव्हरची रचना अठराव्या शतकाच्या मध्यास टॉमस मज याने बसविली. सतरा ज्वेल म्हणजे काय याविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज होता, आणि ‘त्यात खरी माणके आहेत’ असे सांगून जुने घड्याळ चढ्या भावाने विकणारे महाभागही होते. वस्तुस्थिती अशी की ही माणके खाणीतली नसून विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून भट्टीत तयार होऊ लागलेली आहेत, आणि त्यांची किंमत रत्न म्हणून अगदी क्षुल्लक असते. त्यांचे काम शोभेचे नाही. चाकांच्या अणकुचीदार आसांना टेकावयास इतके कठीण आणि इतके गुळगुळीत दुसरे काही नाही, म्हणून पाच चाकां-लिव्हरांचे दहा आणि बॅलन्स, त्याची टिचकी व लिव्हरचे दोन बाहू यांचे सात मिळून सतरा ठिकाणी ती बसवितात. पंचवीस किंवा तीस ज्वेल असे छापलेल्या स्वस्त घड्याळात वरची आठ-तेरा कोठे असतात हे विकणाऱ्यालाच विचारावे. पुष्कळदा ती ज्या ठिकाणी असतात तेथे त्यांना काहीच काम नसते.

आता घड्याळाच्या चुकीकडे येऊ. पोलाद तापले की त्याची लवचीकता बदलते, आणि साध्या पोलादाची बालकमान तपमान एक अंशाने वाढले तर दिवसास सुमारे दहा सेकंद मागे पडते. सौसर-पांढुर्ण्याकडे पौषातील पहाट दहा अंशांच्या आसपास आणि वैशाखातील दुपार चाळिशीच्या वर. तीस अंशांच्या या फरकात जुन्या काळचे घड्याळ दिवसाला पाच मिनिटे चुकले असते. शार्ल एदुआर गियोम या स्विस शास्त्रज्ञाने निकेल आणि पोलाद यांच्या मिश्रणांतून अशी धातू सिद्ध केली की जिची लवचीकता उष्णतेने जवळजवळ बदलत नाही, आणि निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवरील या कामासाठी त्याला १९२० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या वर्षाच्या पुढच्याच वर्षाचा तोच मान आइन्स्टाइनच्या वाट्यास यावयाचा होता त्या वर्षी तो घड्याळाच्या कमानीशी निगडित माणसाला मिळाला, हे आपल्या विज्ञानविषयक पुस्तकांत अभावानेच आढळते. उष्णतेचा बंदोबस्त झाला तरी तेलाचा होत नाही. आसांना लावलेला तेलाचा थेंब सुईच्या टोकाएवढा असतो. चार-पाच वर्षांत तो सुकतो किंवा घट्ट होतो, आणि त्यात कापसाच्या पेठेतला तंतू वा धूळ मिसळली की तेच तेल कानशीचे काम करू लागते. आघाताचा विचारही कारखानदारांनी केला. बॅलन्सच्या केसाएवढ्या बारीक आसांची माणके लवचीक चापांवर बसविली, जेणेकरून हातातून घड्याळ निसटले तर चाप दबतो आणि आस वाचतो. तरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जी दगडफेकीची गोटमार होते तिला जाणाऱ्याने घड्याळ घरी ठेवून जावे, असा आमचा सल्ला आहे. तो चाप योजणाऱ्याच्या मनात हा प्रसंग खचित नव्हता. आणखी एक शत्रू नवा आहे, तो म्हणजे चुंबक. मोबाईलच्या कर्ण्यातील किंवा त्याच्या पाकिटाच्या झाकणातील चुंबकाशेजारी रात्रभर ठेवलेल्या घड्याळाच्या बालकमानीचे वेढे एकमेकांस चिकटू लागतात, कमान जणू आखूड होते, आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळते.

इतके सारे अडथळे पार करून एखादी जुनी ‘जनता’ दिवसाला तीस सेकंद चुकत असेल, तर तिने ८६,४०० सेकंदांत तीस चुकविले, म्हणजे सुमारे २,९०० त एक. मोजमापाच्या इतर घरगुती साधनांकडून, वाण्याच्या तराजूकडून किंवा शिंप्याच्या फितीकडून, इतकी काटेकोर निष्ठा आपण अपेक्षीतही नाही. पण या चुकीत त्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. चूक जर रोज तेवढीच असेल तर ती चूक राहत नाही, तो हिशेबाचा एक रकाना होतो. जॉन हॅरिसन याचे सुप्रसिद्ध सागरी घड्याळ १७६१ साली इंग्लंडहून जमैकास निघाले तेव्हा ते रोज किती सेकंद मागे पडते हे आधीच मोजून नोंदविलेले होते. तो ज्ञात फरक वजा केल्यावर दोन महिन्यांहून अधिक काळच्या प्रवासाअंती ते सुमारे पाचच सेकंद चुकले असे ठरले, आणि समुद्रावर रेखांश काढण्याचा शतकानुशतकांचा प्रश्न त्यामुळे सुटला. जे घड्याळ नेमाने चुकते त्याच्या भरवशावर जहाज हाकता येते. चावीच्या घड्याळाच्या लोभाचे मूळ आम्हांस येथे दिसते: त्याच्या धन्याला त्याचा स्वभाव ठाऊक असतो. ते रात्री तबकडी वर करून ठेवले तर किती पुढे जाते, उभे टेकून ठेवले तर किती मागे येते, चावी सकाळी दिली तर कसे आणि चुकून दुसऱ्या दिवशी दुपारी दिली तर कसे, हे ज्ञान विकत मिळत नाही. ते सहवासाने येते, आणि ज्याच्याविषयी ते आले ती वस्तू आपली होते. मोबाईलच्या वेळेत जाणून घेण्यासारखा स्वभावच नसल्याने तिच्याशी असे नाते जुळण्याचा संभव नाही. बिनचूकपणाचा हा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही, पण त्याची ती मर्यादा आहे.

स्फटिकाचे घड्याळ आले तेव्हा हा स्वभाव कोणासच नको होता. जपानच्या सेइको कंपनीने १९६९ च्या नाताळात पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विकावयास काढले. आज सर्रास वापरात असलेल्या अशा घड्याळांत विजेच्या स्पर्शाने स्फटिकाची बारीकशी कांडी सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरते, आणि मंडल तो आकडा पंधरा वेळा निम्मा करीत सेकंदाला एका ठोक्यावर आणते. अशा घड्याळाची महिन्याची चूक चांगल्या यांत्रिक घड्याळाच्या एका दिवसाच्या चुकीएवढी असते. पुढील पंधरा-सोळा वर्षांत स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यातील कामगारसंख्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आली. आपल्याकडे १९८४ साली स्थापन झालेल्या टायटनने क्वार्ट्‌झवरच भिस्त ठेवली, तिच्या घड्याळांची दुकाने देखणी होती, आणि एच. एम. टी. ने त्या स्पर्धेत प्रथम आळस आणि नंतर तोटा पत्करला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच. एम. टी. वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि गंमत अशी की ज्या घड्याळांकडे वीस वर्षे कोणी ढुंकून पाहिले नव्हते ती त्या बातमीबरोबर दुकानांच्या फडताळांतून एकाएकी दिसेनाशी होऊन संग्राहकांच्या पेट्यांत जाऊन पडली. मरणोत्तर कीर्तीचा हा प्रकार आपल्या साहित्यिकांच्या परिचयाचा आहे.

या लोभाची दुसरी बाजू दुरुस्तीची. काचेची पेटी, डोळ्याला लावलेले भिंग, चिमटा, आणि पालथ्या काचेखाली धुळीपासून राखलेली चाके, एवढ्या भांडवलावर तालुक्याच्या बाजारात बसलेला माणूस हे घड्याळ संपूर्ण उघडून, पेट्रोलमध्ये धुऊन, तेल देऊन पुन्हा उभे करू शकतो, कारण त्यात असे काहीच नाही की जे डोळ्यांना दिसत नाही. कमान तुटली तर कमान बदलते, आस मोडला तर बॅलन्स बदलतो, आणि एच. एम. टी. ने एकाच धाटणीची यंत्रे कित्येक नावांच्या घड्याळांत वर्षानुवर्षे घातल्यामुळे एका मेलेल्या घड्याळाच्या अंगावर दुसरी चार जगतात. क्वार्ट्‌झ घड्याळाचे मंडल जळले तर त्यास कारागीर काय करणार? तो यंत्रच बदलून देतो, आणि ते त्याच्या दृष्टीने दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते. याच कारणाने चावीच्या घड्याळाचा जाणकार कारागीर दुर्मीळ होत चालला आहे. सेल बदलण्यात आणि मोबाईलची काच लावण्यात जेवढे मिळते तेवढे बालकमान सरळ करण्यात मिळत नाही, आणि त्या कामास लागणारी नजर शिकण्यासाठी चार-सहा वर्षे उमेदवारी करण्यास आजचा मुलगा तयार होत नाही, ही त्या मुलाची चूक नव्हे. सौसर-पांढुर्ण्यातील माणसास चांगल्या कामासाठी शेवटी नागपूरच गाठावे लागते.

कोणास हा लोभ जडलाच असेल तर त्याने प्रथम घरचा खण उघडावा. बाजारात, विशेषतः टपालाने घरपोच मिळणाऱ्या मालात, ‘जुनी एच. एम. टी.’ म्हणून जे खपते त्यातील पुष्कळ घड्याळांची तबकडी नव्याने रंगविलेली, काटे परके आणि नाव मनास येईल ते छापलेले असते. निळी, हिरवी, भगवी अशी भडक तबकडी आणि तीवरील वाकडीतिकडी अक्षरे दिसली की हात आखडता घ्यावा. आजोबांचे घड्याळ मळके, ओरखडलेले आणि काच पिवळी पडलेली असे मिळाले तर ते चकचकीत करून घेण्याचा मोह टाळावा. यंत्र धुवावे, तेल घालावे, काच बदलावी, तबकडीस हात लावू देऊ नये. बंद पडलेल्या घड्याळास जोराने चावी देऊन पाहणे हा त्याला कायमचे निकामी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण सुकलेल्या तेलात अडकलेली चाके फिरत नाहीत आणि सर्व ताण कमानीवर येतो. तेलपाणी होऊन आल्यावर रोज ठराविक वेळेस, शक्यतो सकाळी, बोंड सहज फिरेनासे होईपर्यंत चावी द्यावी. हे घड्याळ एका चावीवर दीड दिवस चालते, पण दुसऱ्या दिवशी कमानीचा जोर ओसरून त्याची चाल बिघडते, म्हणून तेवढी वाट पाहू नये. मग पंधरा दिवस मोबाईलशी ताडून रोजचा फरक वहीत मांडावा. वीस-पंचवीस सेकंदांचा फरक रोज एकाच दिशेस आणि जवळपास सारखा येत असेल तर कारागिराने काम चोख केले आहे, आणि मागे पडण्याचे वा पुढे जाण्याचे प्रमाण तो पाते किंचित सरकवून पाच मिनिटांत कमी करून देईल. परंतु आज चाळीस सेकंद पुढे, उद्या दहा मागे आणि परवा पुन्हा जागच्या जागी असे होत असेल, तर पंधरा दिवसांची बेरीज शून्य आली तरी समाधान मानू नये. ते घड्याळ पुन्हा उघडणे भाग आहे.